प्रकल्प नोंदी: सातेरीच्या मेणातून मधगंध

जागा: सातारा एमआयडीसीतलं छोटं शेड. काम: अल्कोहोलच्या परफ्यूममध्ये आणि डबीतल्या घट्ट अत्तरात घालता येईल असा नैसर्गिक मधगंध तयार करणं. कच्चा माल, म्हणजे सातेरीचा (आपल्या देशी पाळीव माशीचा) मध आणि मेण, महाबळेश्वर, जावळी आणि वाई तालुक्यांतल्या मधपाळांकडून. अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर. साठ्याची वही वेगळी असते, ती इथे उतरवलेली नाही.

१४ एप्रिल

मधाचे नमुने आले. दोन जांभळाचे, एक हिरड्याचा (गेल्या हंगामातला), एक मिसळ फुलोऱ्याचा. रिफ्रॅक्टोमीटरवर ओलावा: जांभूळ १९.५ आणि २०.५ टक्के, हिरडा १८.५, मिसळ २१. खायच्या मधाला एफएसएसएआयची मर्यादा २० टक्क्यांची आहे. सातेरीचा मध मुळातच पातळ असतो, त्यामुळे २१ आकडा दिसला म्हणून लगेच भेसळीचा संशय घ्यायचं कारण नाही. पण १९ च्या वर यीस्टला रान मोकळं मिळतं. मिसळीच्या बाटलीचं झाकण फिरवताच फुस्स झालं आणि आंबूस वास आला. ती बाटली बाजूला काढली.

वासपट्टीवर चारही नमुने फिके. जांभूळ तुरट, किंचित कडसर. हिरडा जरा जड, सुक्या पाल्यासारखा. पट्टी नाकाला टेकवल्याशिवाय फारसं काही कळत नाही. मधात चार भाग साखर आणि एक भाग पाणी, वासाचे रेणू दहा लाखांत काही भाग एवढेच. संशोधकांनी निरनिराळ्या मधांत मिळून सहाशेच्या वर उडनशील घटक मोजलेत, पण सगळ्यांची बेरीज केली तरी वजन नगण्य. मध खाताना वास घशामागून नाकात चढतो आणि जिभेवरची गोडी त्याला उचलून धरते. पट्टीवर ती गोडी नसते. अत्तराच्या दृष्टीने मध हा फार गरीब माल आहे, हे इथेच दिसतं.

१६ एप्रिल

तरीही टिंक्चर (अल्कोहोलमध्ये मुरवून काढलेला अर्क) करून पाहायचं ठरलं, कारण घरगुती अत्तरवाल्यांमध्ये त्याची चर्चा फार. जांभळाचा मध १०० ग्रॅम, ९५ टक्के अल्कोहोल ५०० मिलि, काचेची बरणी, घट्ट झाकण. मध सरळ तळाशी बसतो आणि ढवळल्यावर गोळा होऊन काठाला चिकटतो. आधी मध ३५ अंशांपर्यंत कोमट करून, मग बारीक धारेने, हलवत हलवत अल्कोहोल घातलं तर बरं मिसळतं. उलट क्रमाने, म्हणजे अल्कोहोलमध्ये मध ओतला, तर गोळी सुटत नाही.

२४ एप्रिल

टिंक्चर: तळाला दाट पाक, त्यात पांढरे कण (ग्लुकोज), वर पिवळसर, किंचित गढूळ अल्कोहोल. वरचा भाग गाळून पट्टीवर घेतला. पहिली दोन मिनिटं अल्कोहोल, मग पुसट गोडसर काहीतरी, मग काहीच नाही. पट्टी मात्र चकाकते आणि बोटाला चिकटते. ग्लुकोज अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, पण फ्रुक्टोज थोडं विरघळतं आणि गाळणीतून पार होतं. हेच टिंक्चर स्प्रेच्या बाटलीत भरलं तर नळीच्या टोकाला साखर सुकते. दोन दिवसांत फवाऱ्याची धार झाली, नंतर पंप दबेना. गरम पाण्यात नोझल बुडवल्यावर सुटला.

मध उकळून वाफेने अर्क काढणं हा दुसरा मार्ग. तो घेतला नाही आणि घेऊही नये. आंबट द्रवात फ्रुक्टोज तापलं की एचएमएफ आणि फरफ्युरल तयार होतं. भांड्यातून मधाचा नाही, काकवीचा वास निघतो. कराड बाजूच्या गुऱ्हाळावर तो फुकट मिळतो.

मधाचं काम इथे थांबवलं. माशी फुलातून आणते तो वास मेणातही शिरतो. मेणाला साखर-पाण्याचं ओझं नाही, शिवाय पोळ्यात परागकण आणि पिलाव्याचे (वाढत्या अळ्यांचे) कोष असतात. फ्रान्समधल्या ग्रास गावात बीजवॅक्स ॲब्सोल्यूट (मेणाचा अल्कोहोलने काढलेला सुगंधी अर्क) बनतं ते याच तत्त्वावर. तिकडचा माल इटालियन आणि युरोपीय माश्यांच्या पोळ्यांचा. आपल्याकडे सातेरी.

२९ एप्रिल

मेण आणि सुकी पोळी आली. ढीग वेगळे केले.

झाकणाचं मेण: मध काढताना सुरीने उतरवलेली पातळ टोपणं. फिकट पिवळं, नवं.

मधकोठीतली (पेटीत मध साठतो त्या कप्प्यातली) पोळी: एक-दोन हंगाम वापरलेली, मधासारख्या रंगाची. कोपऱ्यांत पराग भरलेला.

पिलाव्याची काळी पोळी: कित्येक पिढ्या वाढलेल्या, प्रत्येक घरात कोषाचे थर. हातात जड वाटतात, पण वितळवल्यावर मेण कमी निघतं, कारण बरंच वजन कोषांचं असतं.

आग्या मोहोळाचं मेणही एकाने पाठवलं होतं. त्याला धुराचा वास इतका, की पिशवी उघडताच शेडभर पसरला. आग्याचं मोहोळ काढताना धूर भरपूर द्यावा लागतो, आणि धुरातली फिनॉलं मेण धरून ठेवतं. अल्कोहोलमध्ये ती सगळ्यात आधी उतरतात. परत पाठवलं.

दोन गोण्या आणखी नाकारल्या. एकीत मेणकिड्याची जाळी आणि विष्ठा. तो भाग कापून उरलेलं वापरता आलं असतं, पण मालकाने किड्यासाठी डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. नॅप्थलीन मेणात विरघळतं आणि वितळवून, गाळून, धुऊन जात नाही. असं मेण ना अत्तराच्या कामाचं, ना माश्यांना परत द्यायच्या. दुसरी गोणी खताची होती, मेणाला गोणीचाच वास.

सातेरीची एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. युरोपीय माशी झाडांची राळ गोळा करून पेटीच्या फटी लिंपते. सातेरी ते जवळजवळ करतच नाही. त्यामुळे युरोपीय ॲब्सोल्यूटमधला तो राळेचा, लोबानासारखा पदर आपल्या मालात येणार नाही. तो वेगळा घालावा लागेल. फायदा असा की राळेतले कॅफेइक आम्लाचे एस्टर त्वचेला ॲलर्जी देण्यात कुप्रसिद्ध आहेत, तेही फार येणार नाहीत.

३ मे

पॅराफिनची (खनिज तेलापासूनच्या मेणाची) तपासणी. मधपाळ मुद्दाम भेसळ करतात असं नाही. बाजारातून आणलेल्या मेणपत्र्यात (माश्यांनी पोळं बांधावं म्हणून चौकटीत लावतात तो पातळ पत्रा) पॅराफिन असतं, आणि जुन्या चौकटीतली पोळी वितळवली की ते आपल्या मालात येतं.

सोपी चाचणी: पाणी आणि अल्कोहोल मिसळून हायड्रोमीटरवर घनता ०.९५० आणायची. शुद्ध मेण (०.९५८ ते ०.९७०) त्यात बुडतं, पॅराफिन (०.९० च्या आसपास) तरंगतं. तुकडा वितळवून, सपाट थेंब पाडून, गार करून घ्यायचा. पोळ्याचा तुकडा तसाच टाकला तर आत हवा राहते आणि शुद्ध मेणही तरंगतं. या चाचणीची मर्यादाही कळायला हवी: दहा टक्के पॅराफिन मिसळलेलं मेणसुद्धा ०.९५५ च्या आसपास राहतं आणि निमूट बुडतं. मोठी भेसळ कळते, छोटी नाही.

छोटीसाठी: ३ ग्रॅम मेण, ३० मिलि अल्कोहोलिक पोटॅश (अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक पोटॅश), दोन तास रिफ्लक्स, म्हणजे वर कंडेन्सर लावून वाफ परत फ्लास्कमध्येच पडेल असं उकळणं. मग थर्मामीटर धरून ढवळत गार करायचं. ६५ अंशांच्या आत गढूळ झालं तर ठीक, ६५ च्या वरच गढूळ झालं किंवा थेंब दिसले तर पॅराफिन. मधकोठीच्या एका लॉटला ७१ वरच दूध फुटल्यासारखं झालं. तो लॉट मेणबत्तीवाल्याकडे.

आम्लांकही (मेणातल्या मोकळ्या आम्लाचं माप) काढला: ८.१. परदेशी तक्त्यांत मेणाचा आम्लांक १७ ते २४ लिहिलेला असतो. ते तक्ते पाहून कुणी हे मेण नापास करेल. आशियाई माश्यांच्या मेणाचा आम्लांक ५ ते १० च्या घरातच असतो. व्यापारात याला घेड्डा वॅक्स म्हणतात. हाच आकडा पुढे कोल्ड क्रीमवाल्यांना नडतो. परदेशी कृतीतल्या मापाने बोरॅक्स घातला की आम्ल पुरत नाही, बोरॅक्स शिल्लक राहतो आणि क्रीमला रवा सुटतो.

६ मे

वितळवणं. स्टेनलेस स्टीलचं पातेलं. लोखंडी कढई नको, तांब्याचं भांडंही नको. मेणातली आम्लं धातू खातात आणि मेण तपकिरी-हिरवट होतं. पाणी बोअरचं असेल तर कठीण असतं. त्यातला चुना मेणाशी साबण बांधतो आणि तळाला राखाडी, स्पंजासारखा थर बसतो. लिटरला १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकलं की तो थर बराच कमी होतो. व्हिनेगरनेही होतं, पण वास मागे राहतो.

काळी पोळी आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घातली. कोष कोरडे असले तर वितळलेलं मेण तेच पिऊन टाकतात. पाणी भरून घेतलेले कोष मेण शोषत नाहीत. पाणी ७५ अंशांवर ठेवलं, उकळी येऊ दिली नाही. उकळलं तर मेण आणि पाण्याचं दूध होतं, ते सुटत नाही, आणि वासही वाफेबरोबर जातो. मांजरपाटाच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्या पातेल्यात गाळलं, गोधडी गुंडाळून रात्रभर सावकाश गार होऊ दिलं. सकाळी वडी सुटली. वडीच्या बुडाचा करडा थर सुरीने खरवडून टाकला.

१३ मे

पहिली बॅच, मधकोठीचं मेण.

अल्कोहोलबद्दल आधी. परफ्यूमसाठी मिळणाऱ्या डीनेचर्ड (पिता येऊ नये असं केलेल्या) अल्कोहोलमध्ये डीईपी (डायइथाइल थॅलेट) घातलेलं असतं. परफ्यूम भरायला ते चालतं, अर्क काढायला अजिबात नाही. डीईपी २९५ अंशांना उकळतं. अल्कोहोल उडालं तरी ते फ्लास्कमध्येच बसतं. हिशोब करा: अडीच लिटर अल्कोहोलमध्ये एक टक्का डीईपी धरलं तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास, आणि खरा अर्क तीन-चार ग्रॅम. उतारा पाच-सहा टक्के दिसला की आधी अल्कोहोलची बाटली पाहावी.

मेण किसून ५०० ग्रॅम. किसणी मोठ्या छिद्रांची, मेण फ्रिजमध्ये गार करून. दुपारी शेडमध्ये ३८ अंश असताना किसायला घेतलं तर मेण किसणीलाच माखतं. ९५ टक्के अल्कोहोल २.५ लिटर. ५ लिटरचा फ्लास्क, वर कंडेन्सर, त्यात बर्फाचं पाणी फिरवलेलं.

तापमान ५० ते ५५, चार तास. मेण ६२ ते ६४ ला वितळतं, त्या खाली राहायचं. किस मऊ होतो, पण आकार धरून असतो आणि अल्कोहोल आतबाहेर खेळतं. वितळू दिलं तर तळाला जड थर होतो, आणि गार होताना त्याची सलग वडी जमते. वडीच्या आतल्या मेणापर्यंत अल्कोहोल नीट पोचत नाही, पोचलेलं बाहेर येत नाही.

शेगडी, हॉटप्लेट, साधी मोटर, काहीही ठिणगी देणारं फ्लास्कजवळ नाही. अल्कोहोलची वाफ १७ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे साताऱ्यात वर्षातले बहुतेक दिवस. पाणी शेडबाहेर तापवलं, बादलीने आणून टबात ओतलं, गार झालं की बदललं. कंटाळवाणं आहे. पण छोट्या शेडला यापेक्षा बिनधोक रीत आम्हाला दिसली नाही. ढवळायला फ्लास्क हाताने गोल फिरवायचा, दर दहा मिनिटांनी.

संध्याकाळी द्रव सोनेरी-तांबूस. गरम असताना फडक्यातून किसापासून वेगळा केला. किस पिळायचा, नाहीतर वजनाइतकं अल्कोहोल त्यातच राहतं.

१४ मे

गार करणं. साधा घरचा फ्रीझर वापरायचा नाही. आतला थर्मोस्टॅट आणि दिवा ठिणगी देतात. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा तीन भाग, जाडं मीठ एक भाग. उणे १५ पर्यंत आरामात जातं. झाकण घट्ट केलेली बरणी त्यात पुरली, बारा तास, मधे दोनदा पाणी काढून बर्फ-मीठ भरलं.

उणे १५ ला द्रव राहिलाच नाही, घट्ट कांजी झाली. यात घाबरण्यासारखं काही नाही, मेण बाहेर पडलंय. बुखनर फनेल (छिद्रांच्या तळाची गाळणी) आणि फिल्टर फ्लास्क दोन्ही आधी त्याच बर्फात ठेवलेले. आधी मांजरपाटातून, मग व्हॉटमन नंबर १ कागदातून. थेट कागदावर ओतलं तर दोन मिनिटांत कागद बुजतो.

गाळताना तापमान चढू देऊ नये. खोलीची हवा ३५ अंशांची. फनेलमधला माल उणे ५ च्या वर गेला की मेण पुन्हा विरघळून खाली उतरतं. मग पुढे परफ्यूमच्या बाटलीत, हिवाळ्यात, पांढरं धुकं होऊन दिसतं. म्हणून थोडं थोडं ओतायचं, बाकीचं बर्फातच. पहाटेच हे काम उरकावं.

१५ मे

अल्कोहोल उडवणं. रोटरी व्हॅक्युम (फ्लास्क फिरवत, हवा ओढून, कमी तापमानात उकळायचं यंत्र), टबाचं पाणी ५० अंश, दाब १७५ मिलिबारच्या आसपास. या दाबाला अल्कोहोल ४० अंशांना उकळतं. सुरुवातीला दाब सावकाश उतरवायचा, नाहीतर फ्लास्क फसफसून माल कंडेन्सरमध्ये जातो.

९५ टक्के अल्कोहोलमध्ये पाणी असतं, आणि अल्कोहोल उडत जातं तसं फ्लास्कमध्ये पाण्याचं प्रमाण वाढतं. शेवटी माल गढूळ होतो, भिंतीला पिवळे ठिपके चिकटतात, फेस येतो. दाब आणखी उतरवून पाणी काढता येईल, पण त्याबरोबर फिनाइल इथाइल अल्कोहोलसारखे हलके वासाचे घटकही जातात. त्यापेक्षा निर्जल अल्कोहोल ५० मिलि घालून पुन्हा उडवायचं. पाणी त्याच्याबरोबर निघतं. दोनदा केलं की माल स्वच्छ.

मधेच लाइट गेली. वॉटर जेट पंप बंद पडला की टाकीतलं पाणी उलट ओढलं जाऊन फ्लास्कमध्ये येतं. फ्लास्क आणि पंपामध्ये रिकामी ट्रॅप बाटली ठेवलेली होती, पाणी तिथे थांबलं. लाइट गेली की पहिलं काम म्हणजे वरचा कॉक उघडून हवा आत सोडणं, बाकी सगळं नंतर. ही बाटली नसेल तर कामाला हात लावू नये.

उतारा ३.४ ग्रॅम, म्हणजे ०.६८ टक्के. गडद पिवळं, लोण्यासारखं मऊ. अल्कोहोल साधारण चार पंचमांश परत मिळालं. त्याला मेणाचा वास राहतो, म्हणून ते पुढच्या मेणाच्या बॅचलाच.

२३ मे

तिन्ही ढिगांचे अर्क झाले. झाकणाचं मेण ०.४ टक्के, मधकोठी ०.६८, काळी पोळी १.२. प्रत्येकाचं १० टक्क्यांचं द्रावण करून पट्ट्या मांडल्या.

झाकणाचं: सुरुवातीलाच गोड, स्वच्छ, ताजं मेण, ओली फुलं. तासाभरात विझतं. सुंदर पण दुबळं.

मधकोठीचं: पहिल्या पाच मिनिटांत थोडं आंबूस-चरबीसारखं, तेवढं सोसावं. मग मध उघडतो, मागे वाळलेलं गवत आणि न जळलेला तंबाखू. चार तासांनी पट्टीवर परागाचा, पिठूळ वास राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही पट्टी ओळखू येते.

काळ्या पोळ्याचं: मध कमी, काकवी, चामडं आणि लाख जास्त. कोषांमुळे किंचित प्राण्याचा वास, कोंडलेल्या गोठ्याच्या अंगाचा. उतारा जवळजवळ दुप्पट आहे म्हणून याचाच मोह होईल. एकट्याने वापरलं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. ऊद किंवा तंबाखूच्या बांधणीत (वासाच्या मिश्रणात) दोन-तीन टक्के मात्र फार कामाचं.

पुढच्या कामासाठी मधकोठी आठ भाग, काळी पोळी दोन भाग असं मिश्रण ठरलं.

५ जून

मधगंधाची बांधणी. नुसता अर्क महाग पडतो आणि बाटली उघडताच वर उठत नाही. त्याला आधार हवा. १०० भागांना:

फिनाइल इथाइल फिनाइल ॲसिटेट ३०
फिनाइल इथाइल अल्कोहोल २०
लोबान रेझिनॉइड (५० टक्के) १५
चंदन तेल १२
मेणाचा अर्क ८
कूमारिन ६
व्हॅनिलिन ४
दवण्याचं तेल ३
मिथाइल फिनाइल ॲसिटेट (१० टक्के द्रावण) २

यातली बहुतेक मापं इकडेतिकडे झाली तरी चालेल, शेवटचं नाही. मिथाइल फिनाइल ॲसिटेटने मध जिवंत होतो, पण मात्रा दुप्पट केली की तबेला आणि मुतारी. म्हणूनच ते १० टक्के द्रावणात मोजायचं, शुद्ध कधीच नाही. निव्वळ फिनाइल ॲसेटिक ॲसिड मधाच्या वासाला सगळ्यात जवळचं, पण ते १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविरोधी करारात पूर्वद्रव्य म्हणून यादीत आहे. छोट्या शेडने त्या भानगडीत पडू नये, यादीतल्या त्याच्या एस्टरांवर (दोन फिनाइल ॲसिटेटांवर) काम भागतं.

फिनाइल इथाइल फिनाइल ॲसिटेट २६-२७ अंशांच्या खाली गोठतं. मे महिन्यात बाटलीत पातळ असतं, पावसात खडा होतो. कोमट पाण्यात बाटली ठेवून पूर्ण वितळल्यावरच मोजायचं. वरवर सुटलेलं ओतून घेऊ नये.

दवणा घातला तो खास. दवण्याच्या तेलात सुक्या फळांचा, दारूत मुरलेल्या जर्दाळूसारखा पदर असतो, आणि तो मेणाच्या तंबाखूला जुळतो. चैत्रात जोतिबाला वाहिलेल्या ओल्या दवण्याचा वास डोक्यात ठेवून तेल हुंगलं तर चकायला होईल. तेल त्यापेक्षा बरंच गोड. तीनाच्या वर गेलं की मध मागे पडतो.

घालायचा क्रम: घन पदार्थ (कूमारिन, व्हॅनिलिन) आधी फिनाइल इथाइल अल्कोहोलमध्ये ४० अंशांवर विरघळवून, मग बाकी द्रव, शेवटी कोमट केलेला मेणाचा अर्क. अर्क थंड घातला तर गुठळ्या तळाशी बसतात. तो डीपीजीमध्ये (डायप्रॉपिलीन ग्लायकॉल, अत्तर पातळ करायचा नेहमीचा द्रव) विरघळत नाही, गढूळच राहतो. पातळ करायचाच असेल तर बेंझिल बेंझोएट.

१९ जून

परफ्यूम: बांधणी १५ ग्रॅम, अल्कोहोल ८० ग्रॅम, डीमिनरलाइज्ड पाणी ५ ग्रॅम. (इथे डीईपीवालं अल्कोहोल चालतं.) पाणी घालताच हलकं धुकं. चार अंशांवर तीन दिवस ठेवल्यावर तळाला पांढरे पापुद्रे. गाळलं, स्वच्छ झालं, पण वास किंचित हलका.

पर्याय दोन. पाणी पूर्ण काढायचं: धुकं नाही, पण पहिला फवारा नाकाला जास्त झोंबतो. किंवा अर्क पुन्हा दहापट अल्कोहोलमध्ये घेऊन उणे १५ ला गाळायचा. दुसऱ्या गाळणीत अर्काचा पाचवा भाग मेण म्हणून जातो, आणि उरलेला पाच टक्के पाणी निमूट सोसतो. दुसरा मार्ग घेतला. गेलेल्या पाचव्या भागात वास जवळजवळ नव्हताच.

११ जुलै

डबीतलं घट्ट अत्तर. पावसाळ्यात आर्द्रता भरपूर, पण यात पाणी नाही, त्यामुळे काम अडत नाही. अर्क काढून झाल्यावर उरलेलं मेण इथे वापरलं. त्यातलं अल्कोहोल आधी पूर्ण घालवायचं: ८० अंशांच्या पाण्यात, उघड्यावर, ज्योत दूर. मेण फिकट होतं आणि वास कमी, त्यामुळे बांधणीच्या वासात लुडबुड करत नाही.

मेण २५, फ्रॅक्शनेटेड खोबरेल (थिजणारा भाग काढलेलं) ६०, बांधणी १५. साधं खोबरेल नको, २४-२५ अंशांच्या खाली ते स्वतःच थिजतं आणि डबी खडबडीत होते. शेंगदाणा, करडई खवट होतात. मेण-तेल ७० अंशांवर वितळवून ६० ला उतरवायचं, मग बांधणी, लगेच कोमट डब्यांत. थंड डबीत ओतलं तर काठाला भेग पडते.

२५ टक्के मेणाची डबी ४० अंशांच्या कपाटात ठेवली तर वर तेलाचे थेंब येतात. ३० टक्क्यांवर ते थांबलं, पण पावसाळी गारव्यात बोटाला कमी निघतं. उन्हाळ्याच्या मालाला ३०, दिवाळीच्या मालाला २५.

२२ ऑगस्ट

परफ्यूमच्या तीन बाटल्या: एक अंधारात, एक खिडकीत, एक ४० अंशांच्या कपाटात. खिडकीतली तपकिरी झाली, त्यात मुख्य हात व्हॅनिलिनचा. कपाटातली सोनेरी, अंधारातली जशीच्या तशी. वास कपाटातल्या बाटलीचा सगळ्यात गोल, कच्चेपणा गेलेला. रंगीत काच लागणार, हे ठरलं.

पांढऱ्या मांजरपाटावर एका हाताच्या अंतरावरून दोन फवारे. पिवळा डाग राहिला, साबणाने निम्मा गेला. खोक्यावर ओळ जाईल: कपड्यावर नको, अंगावर.

कूमारिनवर इफ्राची (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची) मर्यादा आहे, तयार परफ्यूममधलं प्रमाण (इथे ०.९ टक्के) चालू आवृत्तीशी ताडून मगच माल भरायचा. मध-मेणाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी घटकांच्या यादीत मेण ठळक. विक्रीआधी सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे उत्पादन परवाना.

९ सप्टेंबर

पुढच्या हंगामासाठी मधपाळांना द्यायच्या सूचना. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झाल्यापासून तिकडे मधाचा भाव आणि पॅकिंग यावर बोलणं पुष्कळ होतं. मेण मात्र अजून उरलंसुरलं म्हणूनच विकलं जातं.

झाकणं, मधकोठीची पोळी, काळी पोळी, तिन्ही वेगळ्या पिशव्यांत. मिसळलेला माल काळ्याच्या भावाने घेतला जाईल.

धूर कमी. धुराड्यात सुका पालापाचोळा किंवा तागाची गोणी, रबर-प्लास्टिक काही नाही.

खताच्या किंवा औषधाच्या गोणीत मेण भरू नये. खाण्याच्या दर्जाची प्लास्टिक पिशवी किंवा स्टीलचा डबा.

मेणकिड्याला डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. पोळी डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून, मग हवाबंद. फ्रीझर नसेल तर पोळी लगेच वितळवून वडी पाठवावी. वडीला किडा सहसा लागत नाही, त्याला लागतात पराग आणि कोष.

बाजारच्या मेणपत्र्यावर बांधलेली पोळी वेगळी, वर खूण करून.

मागणी: मधकोठीचं मेण २० किलो, काळ्या पोळ्यांचं वितळवलेलं मेण ५ किलो. झाकणाचं मेण अर्क काढायला नको, ते डबीतल्या घट्ट अत्तरासाठी घेऊ. कारवी फुलली तर त्या पोळ्यांचा लॉट स्वतंत्र ठेवायला सांगितलंय. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि त्या मेणाचा अर्क अजून काढलेला नाही.